डोंगरपट्ट्यात सहकारी संस्था काढायची आहे? आधी एक हंगाम एकत्र विका

सहकार म्हटलं की आपल्याकडे आधी ऊस आठवतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला आणि तिथला बागायती पट्टा बदलून गेला. त्याच जिल्ह्यात, त्याच प्रवरेच्या उगमाकडे चढत गेलं की रतनवाडी, घाटघर ही गावं लागतात. इथं पाऊस मैदानाच्या कित्येक पट पडतो. पण शेत म्हणजे भातखाचरांचे तुकडे, वाड्या डोंगराच्या सोंडेसोंडेवर विखुरलेल्या, आणि घरटी विकायला निघतो तो गोणी-दोन गोणी माल: भात, नाचणी, वरई, हिरडा, थोडा मध. एका घराच्या मालानं टेम्पो भरत नाही. म्हणून व्यापारी दारात येतो आणि भाव तोच सांगतो.

अकोले, जुन्नर, आंबेगाव, जव्हार, मोखाडा, भोर, जावळी, पाटण, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चित्र आहे. अशा गावात संस्था काढायची इच्छा असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो: नोंदणी शेवटी करा, व्यवहार आधी करा. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. अनुदानाची योजना येते, घाईत कागद जमवले जातात, नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागतं आणि दोन वर्षांत संस्था अवसायनात निघते, म्हणजे गुंडाळली जाते.

गावात आधीच सोसायटी आहे का?

पहिली चौकशी हीच करा. बहुतेक गावांत किंवा गावांच्या गटात विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था असते, तिलाच आपण सोसायटी म्हणतो. आदिवासी भागात ती आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था असते आणि पीककर्जाबरोबर धान्यखरेदीही करते. तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत एआर ऑफिसात, तिची माहिती मिळते. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा आणि वर्ग कोणता मिळाला ते पाहा. ‘अ’ किंवा ‘ब’ असेल तर संस्था जिवंत आहे. ‘ड’ असेल तर का, ते वाचा.

डोंगरातली सोसायटी अशक्त असण्यामागे एक साधं कारण आहे. सोसायटीचं उत्पन्न म्हणजे कर्जावरच्या व्याजातला तिचा वाटा. कर्ज मिळतं पिकाच्या प्रमाणात. एकरभर उसाला मिळणारं कर्ज आणि एकरभर नाचणीला मिळणारं कर्ज यांची बरोबरीच होत नाही. त्यामुळे पगारी सचिव परवडत नाही आणि एकाच गटसचिवाच्या गळ्यात अनेक गावांची दप्तरं येतात. तो तुमच्या गावात आठवड्यातून एकदा दिसला तरी पुष्कळ.

तरीही सोसायटी चालू स्थितीत असेल तर नवी काढू नका, तिच्यातच शिरा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये प्राथमिक सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कामकाजाचे नमुना नियम, तयार केले. त्यानुसार कर्जाखेरीज साठवणूक, खरेदी-विक्री, दूध, रास्त भाव दुकान असे पंचवीसहून अधिक उद्योग सोसायटीला करता येतात. सर्वसाधारण सभेत उपविधी दुरुस्तीचा ठराव करून निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते. नवी संस्था काढण्यापेक्षा हे काम सोपं आहे आणि जुन्या संस्थेचा गाळा, काटा, बँकखातं तयार मिळतं.

थकबाकीत बुडालेली, वर्षानुवर्षं सभा न झालेली सोसायटी असेल तर मात्र वेगळी वाट धरा.

माल ठरवा, तोही एकच

एक वही घ्या आणि वाडीवाडीतून फिरा. गेल्या वर्षी कोणता माल किती गेला, कोणत्या महिन्यात, कोणाला, काय भावानं. आकडे लोक अंदाजानं सांगतात, तेवढे चालतील. महिना मात्र नीट लिहा. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, उन्हाळ्यात निघतो, करवंद-जांभूळ मे-जूनमध्ये, भात आणि नाचणी दिवाळीच्या पुढेमागे. ज्या मालाला कमीत कमी चाळीस-पन्नास घरांचा हात लागतो आणि जो आठ दिवस तरी टिकतो, तो सुरुवातीला धरा.

दुधाचा मोह सगळ्यांना पडतो, कारण पैसा दर दहा दिवसांनी हातात येतो. पण आपल्या डोंगरात गोठ्यात काय आहे ते आधी बघा. अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय मुसळधार पावसात टिकणारी, चिखलात ओढकाम करणाऱ्या बैलांची जात आहे. दूध तिला बेताचं. संकलनात गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) असा हिशेब असतो, म्हशीला ६ आणि ९. शीतकरण केंद्र दोन तासांवर आणि ओढ्याला पूर, असं असेल तर दूध नासलेलंच पोचणार. रस्ता बारमाही नसेल तर दूध संस्था नको, हे मी स्पष्टपणे सांगतो. दूध संस्थांसाठी निबंधक कार्यालयही वेगळं असतं, दुग्ध विभागाचं.

वनउपजाचा विचार असेल तर ग्रामसभेला बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावकऱ्यांना दिला आहे. सामूहिक वनहक्क मंजूर असलेल्या गावात वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. संस्थेनं ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत गाडीत ठेवावी.

मधाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. महाबळेश्वरात मधपाळांची सहकारी सोसायटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जवळच राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं पेट्यांचं प्रशिक्षण मिळतं. २०२२ मध्ये त्याच तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. या सगळ्याचं मूळ एकाच मालात आहे. जांभळाच्या मधाला वेगळा भाव, कारवीच्या मधाला वेगळा, आणि कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी फुलतं, हे ज्ञान एकच माल वर्षानुवर्षं हाताळल्यानं साठतं.

उचल समजून घ्या

संस्था मोडते ती इथं, म्हणून इथं थोडं थांबतो.

डोंगरात जून ते सप्टेंबर हातात पैसा नसतो. कणगी रिकामी होत आलेली, आवणीला माणसं लागतात, पोराच्या शाळेचा खर्च निघतो. त्या वेळी व्यापारी किंवा दुकानदार तांदूळ, मीठ-मिरची, रोख रक्कम देतो, हीच उचल, आणि पुढच्या हंगामाचा माल आपल्या नावावर करून घेतो. पीक हिरवं असतानाच सौदा करायच्या या रीतीला ठाणे-पालघरकडे पालेमोड म्हणतात. हंगाम आला की संस्था चांगला भाव घेऊन उभी राहते, पण माणूस माल तिला देऊ शकत नाही, कारण तो शब्दानं बांधलेला असतो. त्याला बेइमान म्हणू नका. अडचणीच्या महिन्यात त्याच्या दारात कोण उभं राहिलं, ते तो विसरत नाही.

सरकारनंही हे ओळखलं होतं. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये नाशिकला स्थापन झालं. आदिवासींच्या मालासाठी एकाधिकार खरेदी आली, म्हणजे तो माल फक्त महामंडळानंच घ्यायचा, पावसाळ्यासाठी खावटी कर्ज आलं. या दोन्ही गोष्टी एकत्र असण्यात शहाणपण होतं: खरेदी करायची असेल तर पावसाळ्यातली गरजही भागवली पाहिजे.

म्हणून तुमच्या वहीत आणखी एक रकाना आखा: कोणावर कोणाची किती उचल आहे. हे उघड विचारू नका, विश्वास बसला की लोक आपणहून सांगतात. पहिल्या वर्षी उचल नसलेल्या घरांचाच पूर्ण माल धरा. बाकीच्यांना सांगा की अर्धा माल व्यापाऱ्याला द्या, उचल फेडा, अर्धा आमच्याकडे आणा. पुढे संस्थेची किंवा गावातल्या महिला बचत गटांची धान्यपेढी सुरू करता आली तर फार उत्तम. हंगामात प्रत्येकानं दहा पायली धान्य ठेवायचं आणि पावसाळ्यात गरजवंतानं उचलून सुगीत थोडं वाढवून परत करायचं. एवढी सोय झाली की पुढच्या सुगीत माल आपोआप संस्थेकडे वळू लागतो.

एक हंगाम बिननोंदणीचा

आता दहा-पंधरा घरांनी मिळून एक हंगाम काढा. कोणाच्या पडवीत माल जमवा, काटा भाड्यानं आणा, दोघांनी बाजारात जाऊन दोन-तीन व्यापाऱ्यांकडे नमुना दाखवा. गाडीभाडं, हमाली, तोलाई, घट, सगळं लिहा. विक्री झाली की सगळ्यांसमोर हिशेब वाचून पैसे वाटा.

यातून तीन गोष्टी कळतात. दारातला भाव आणि बाजारातला भाव यांतला फरक खर्च वजा जाता उरतो का, हे कळतं. कधीकधी उरत नाही, आणि ते दहा घरांत कळलेलं बरं. दुसरं, दर्जाचं भान येतं: ओला हिरडा आणि नीट वाळवलेला हिरडा एका गोणीत गेला की सगळ्या गोणीला खालचा भाव लागतो. तिसरं, माणसं कळतात. कोण वेळेवर येतं, पैसे मोजताना कोणाचा हात स्वच्छ आहे, भांडण झालं की कोण समजूत घालतं. तुमचं पुढचं संचालक मंडळ यातूनच निवडा.

सभासद आणि कार्यक्षेत्र

कायद्याला किमान दहा माणसं लागतात, तीही दहा वेगळ्या कुटुंबांतली आणि कार्यक्षेत्रात राहणारी. काही प्रकारच्या संस्थांसाठी निबंधक जास्त संख्या ठरवतात, ती एआर ऑफिसात विचारून घ्या. दहावर भागेल असं समजू नका. डोंगरात पन्नासच्या खाली संस्था तग धरत नाही, कारण गाडीच भरत नाही.

कार्यक्षेत्र ठरवताना नकाशा पाहू नका, पावसाळ्यात कोण कुठं पोचू शकतं ते पाहा. महसुली गाव एक असलं तरी ओढ्यापलीकडची वाडी चार महिने तुटते. तिचा बाजार कदाचित दुसऱ्याच खिंडीतून आहे. प्रत्येक वाडीचा किमान एक प्रवर्तक, म्हणजे संस्था उभी करणारा माणूस, घ्या, नाहीतर ‘ती खालच्या आळीची संस्था’ असं नाव पडतं आणि ते पुसलं जात नाही.

सभासदत्व बाईच्या नावानं करा. पीककर्जाच्या सोसायटीत सातबारा लागतो, तो नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून बायका बाहेर राहतात. माल विकणाऱ्या संस्थेत सातबाऱ्याची अट घालायचं कारण नाही. हिरडा वेचते ती, करवंदं काढते ती, नाचणी पाखडते ती. पावतीवर तिचं नाव आणि पैसे तिच्या खात्यात, एवढं उपविधीतच लिहून टाका. कायद्यानं समितीत महिलांच्या जागा राखीव आहेतच. सभासदच बायका असतील तर त्या जागा नावापुरत्या राहत नाहीत.

नोंदणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, त्याखालचे नियम १९६१ चे. काम असं चालतं. प्रवर्तकांची सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा, इतिवृत्त लिहा. एआर ऑफिसात अर्ज करून नाव आरक्षित करा आणि नियोजित संस्थेच्या नावे बँकखातं उघडायची परवानगी घ्या. भागाची रक्कम आणि प्रवेश फी त्या खात्यात भरा. मग ‘अ’ नमुन्यातला अर्ज, उपविधीच्या चार प्रती, सभासदांची यादी कोणी किती भाग घेतले त्यासह, बँकेचा शिलकीचा दाखला, आणि संस्था आर्थिकदृष्ट्या कशी चालेल याची योजना, एवढं जोडून द्या.

योजनेच्या कागदाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. कुठून तरी नक्कल आणून जोडतात. तुमच्याकडे एका हंगामाचा खरा हिशेब आहे, तोच लावा. अधिकाऱ्यासमोर त्याचं वजन पडतं.

अर्ज पूर्ण असेल तर निबंधकांनी दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद सोडू नका. कागद परत आला तर त्रुटी लेखी मागा. नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत मुख्य प्रवर्तकानं पहिली सर्वसाधारण सभा बोलवायची असते.

आदर्श उपविधी जसेच्या तसे उचलू नका. ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. एका सभासदाला एकच मत हे कायद्यातच आहे, मग त्याचे भाग एक असोत की पन्नास. एका माणसाकडे एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग नसावेत, हेही आहे. हे दोन मुद्दे वाडीतल्या शेवटच्या माणसाला समजले पाहिजेत, कारण सावकाराच्या व्यवहारापेक्षा वेगळं काय, याचं उत्तर तेच आहे.

पैसा कुठून आणायचा

साधा हिशेब करू. साठ सभासद, प्रत्येकाचे पाचशे रुपयांचे भाग, म्हणजे तीस हजार भांडवल. प्रत्येकानं एक क्विंटल नाचणी आणली आणि २०२४-२५ च्या हमीभावानं, क्विंटलला ४२९० रुपयांनी, रोख द्यायचं ठरवलं तर २,५७,४०० रुपये लागतात. मधलं अंतर सव्वादोन लाखांचं. व्यापारी रोख देतो, तुम्ही ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालात तर दुसऱ्या दिवशी काट्यावर कोणी येणार नाही.

मार्ग तीन. मालाच्या दिवशी साठ-सत्तर टक्के द्या, बाकी विक्रीनंतर, आणि ही गोष्ट आधी ठरवून पावतीवर लिहा. दुसरा, खरेदी टप्प्याटप्प्यानं करा: एका आठवड्यात एक गाडी, तिचे पैसे आले की दुसरी. तिसरा, कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. बाजार समितीच्या गोदामात भात, काजू बी असा माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजानं मिळते. तुमच्या तालुक्याची बाजार समिती ती राबवते का ते विचारा. सुगीत पडलेला भाव टाळायला तिचा खरा उपयोग आहे.

जिल्हा बँकेचं कर्ज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा. एक ऑडिट झालेलं असलं म्हणजे तुमच्याशी बोलणं वेगळं होतं.

खरेदीचा दिवस

देवळाच्या सभामंडपात काटा लागतो. सकाळी उन्हं वर आली की वरच्या वाडीतल्या बायका डोक्यावर बोचकी घेऊन उतरतात. त्या वेळी चार गोष्टी पाळा. काटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेला हवा आणि पहिलं वजन सगळ्यांसमोर माहितीच्या मापाचं करा, पाच किलोचं माप ठेवून आकडा दाखवा. बारदानाचं वजन वेगळं धरा: रिकामी गोणी काट्यावर टाका, वजा करा. दोन किलोंची सरसकट कापणी ही व्यापाऱ्याची रीत, तुमची नव्हे. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल पाहा. हमीभावाच्या भातखरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे माल परत जातो. ओली गोणी असेल तर तिथंच पटांगणात ताडपत्रीवर पसरायला सांगा, परत पाठवू नका, ती बाई दोन तास चालून आलेली आहे.

आणि पावती. नाव, वाडी, वजन, भाव, दिलेली रक्कम, बाकी. आकडा मोठ्यानं वाचा, मग हातात द्या. ज्यांना वाचता येत नाही त्या पावती जपून घरी नेतात आणि शाळेतल्या पोराकडून वाचून घेतात. दोन्हींत फरक निघाला नाही की त्या पुढच्या खेपेला शेजारणीला घेऊन येतात.

दप्तर, ऑडिट, सभा

किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोजची रोज. खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, महिन्याला. सभासद नोंदवही ‘आय’ नमुन्यात, यादी ‘जे’ नमुन्यात, साठा रजिस्टर, भागाचं रजिस्टर, सभेची आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं. गावातली बारावी झालेली मुलगी हे काम शिकते आणि नेटकं करते. तिला पहिल्या वर्षापासून मानधन द्या, थोडं असलं तरी चालेल. फुकटच्या सचिवाचं दप्तर मार्चमध्ये एका रात्रीत लिहिलं जातं.

वर्ष ३१ मार्चला संपतं. लेखापरीक्षण शासनाच्या नामिकेवरच्या (मंजूर यादीतल्या) लेखापरीक्षकाकडूनच करायचं. त्यात दोष निघाले तर ‘ओ’ नमुन्यात दुरुस्ती अहवाल द्यायचा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. जुलैत सगळे आवणीत असतात. गणपतीत मुंबई-पुण्याची मंडळी गावात येतात. कोकणाकडच्या आणि घाटमाथ्याच्या गावांनी सभा तेव्हाच धरावी. हिशेब वाचू शकणारी चार तरुण डोकी आयती मिळतात आणि त्यांनी विचारलेले प्रश्न चेअरमनला जागं ठेवतात. सभेची सूचना उपविधीतल्या मुदतीआधी निघाली पाहिजे, म्हणून ताळेबंद जुलैअखेर हातात हवा.

उरलेल्या पैशाचं काय

निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि लाभांश १५ टक्क्यांवर देता येत नाही. माझा आग्रह असा, की लाभांशाचा विचार पहिली काही वर्षं करूच नका. उरलेली रक्कम मालाच्या प्रमाणात परत द्या, क्विंटलमागे अमुक रुपये, तशी तरतूद उपविधीत ठेवा. ज्यानं जास्त माल आणला त्याला जास्त मिळतं, आणि नुसते भाग घेऊन बसलेल्याला कमी.

यंत्राचं अनुदान पहिल्या वर्षी घेऊ नका. गिरणी, पॅकिंग, लेबल यांची ओढ मलाही समजते, पण यंत्राला थ्री फेज वीज लागते, मिस्त्री लागतो आणि वर्षभर पुरेल एवढा माल लागतो. तीन हंगामांच्या पावत्या समोर ठेवून माल किती ते बघा, मग यंत्र.

कोणाचा हात धरावा

१९४७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारानं ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सोसायट्या निघाल्या. जंगलातले कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले पट्टे, ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्या आदिवासींच्या संस्थेला द्यायचे, अशी ती योजना होती. हिशेब लिहायला, वनखात्याशी बोलायला सेवाभावी कार्यकर्ते त्या संस्थांच्या पाठीशी होते. त्याचा फायदा झाला आणि एक धोकाही दिसला: हिशेब बाहेरच्याच्या हातात राहिला तर सभासद पुन्हा मजूरच राहतो.

तुम्हालाही बाहेरची मदत लागेल. एखादी स्वयंसेवी संस्था, निवृत्त बँकवाला, सहकार खात्यातला चांगला अधिकारी, कृषी सहायक, जो मिळेल तो घ्या. सभासद प्रशिक्षणासाठी जिल्हा सहकारी बोर्डाकडे जा, शिबिरं भरवणं हे त्यांचं कामच आहे. फक्त एक अट पहिल्या दिवशी कागदावर लिहा: बँकेच्या सह्या गावातल्या दोघांच्या, आणि किर्द लिहिणारी व्यक्ती गावातलीच. शिकवणाऱ्यानं शेजारी बसावं, पेन तिच्या हातात असावं.